रात्र हौशींच्या वाट्याला

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

डिसेंबर-जानेवारीत आपल्या मराठवाड्यात रात्री पारा दहा अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. अशा वेळी पहाटे तीन-चार वाजता छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या रस्त्यांवर कोण असतं? गव्हाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी असतो, कारण शेतीच्या विजेची पाळी बऱ्याचदा रात्रीची. उसाच्या गाड्या असतात, दूधवाले असतात. वर्तमानपत्राचे गठ्ठे उचलायला निघालेली मुलं असतात. आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर यांच्या जोडीला आणखी एक मंडळी दिसू लागली आहे. सायकलीला दिवा, डोक्यावरच्या शिरस्त्राणाला दिवा, अंगात उजेड पडला की चमकणारं जाकीट. या मंडळींना कुणी बोलावलेलं नसतं. पोटाचा प्रश्न नसतो. पदक मिळतं, पण तेही अनेकदा स्वतःच पैसे भरून घ्यायचं असतं. हे हौशी सायकलस्वार.

‘हौशी’ हा शब्द आपण थोडा हलक्यानं घेतो. हौशी नाटक म्हटलं की पडदा अडकणार, हे आपण गृहीत धरतो. पण सायकलीच्या इतिहासात रात्रीचा भाग पाहिला, तर हौशी माणसाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. कारण रात्रीची शर्यत धंदेवाईकांना पेलली नाही. त्यांनी ती सोडून दिली आणि हौशींनी ती उचलली. ही गोष्ट कशी घडली, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात १८९१ साली फ्रान्समध्ये झाली. त्या वर्षी मे महिन्यात बोर्दो ते पॅरिस अशी सुमारे ५७० किलोमीटरची शर्यत ठेवली गेली. इंग्रज सायकलस्वार त्यात उतरणार होते, पण त्यांच्या संघटनेची अट होती की शर्यत फक्त हौशींसाठी हवी. अट मान्य झाली. आयोजकांना वाटलं होतं, माणसं वाटेत मुक्काम करतील, म्हणून झोपण्याची व्यवस्थाही केली होती. जी. पी. मिल्स नावाचा इंग्रज गडी झोपलाच नाही. तो रात्रभर चालवत राहिला आणि साडेसव्वीस तासांत पॅरिसला पोहोचला. पहिले चारही क्रमांक इंग्रजांचे! फ्रेंचांना ते झोंबलं असणारच. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘ल पेती जुर्नाल’ या वर्तमानपत्रानं पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला यायची, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जाहीर केली. ती फ्रान्सच्या शार्ल तेरोंनं ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. तीन रात्री सलग.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. या शर्यतींमागे वर्तमानपत्रं होती. रात्रभर चाललेली शर्यत म्हणजे सकाळच्या अंकाला आयती बातमी. वाचक झोपलेला असताना काय घडलं, ते त्याला चहाबरोबर कळणार. १९०३ साली ‘लोतो’ या पत्रानं ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली ती खप वाढवण्यासाठीच. तेव्हा तिचे टप्पे फक्त सहा होते आणि एकेक टप्पा सरासरी ४०० किलोमीटरचा. म्हणजे रात्रीचा प्रवास आलाच.

पण धंदेवाईक शर्यतीत पैसा आला, नाव आलं, आणि अंधारात काय काय करता येतं हेही लोकांच्या ध्यानात आलं. १९०४ सालची दुसरी ‘तूर’ म्हणजे फसवणुकीचं प्रदर्शन होतं. कुणी मोटारीच्या आधारानं अंतर कापलं, कुणी सरळ आगगाडीत बसला. सेंट एतियेनजवळच्या घाटात एका स्थानिक स्पर्धकाच्या चाहत्यांचा जमाव रात्रीच्या काळोखात इतरांवर तुटून पडला. त्यांना पांगवायला पिस्तुलाचे बार काढावे लागले. शेवटी डिसेंबरात पहिले चारही विजेते बाद झाले आणि पाचव्या आलेल्या हेन्री कोर्ने या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला विजयी ठरवलं. आयोजक हेन्री देग्रांज इतका वैतागला, की आता ही शर्यत संपली असंच त्याला वाटलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं उपाय केला. टप्पे वाढवून अकरा केले आणि लहान केले, जेणेकरून रात्री सायकल चालवायची वेळच येऊ नये. जिथं पंचाला दिसत नाही, तिथं शर्यत नको, असा हा सरळ हिशेब.

गंमत अशी, की ज्या देग्रांजनं १९०४ साली रात्रीपुढे हात टेकले, त्यानंच त्याच वर्षी ‘ऑदाक्स’ या हौशी दीर्घ सायकलप्रवासाला फ्रान्समध्ये पाठबळ दिलं. ‘ऑदाक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये धाडसी. यात पहिला-दुसरा क्रमांक नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं, एवढंच. १९२१ साली पॅरिसच्या ऑदाक्स क्लबनं प्रत्येकाला आपापल्या वेगानं जायची मुभा दिली, आणि आज जगभर जे ‘ब्रेव्हे’ होतात त्यांचा पाया पडला. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं काय झालं? धंदेवाईकांनी ती शेवटची चालवली १९५१ साली. त्यानंतर ती पूर्णपणे हौशींकडे आली. आज दर चार वर्षांनी हजारो माणसं ती चालवतात. २०१९ आणि २०२३ साली भारतीयही मोठ्या संख्येनं गेले होते.

आता प्रश्न असा, की जिथं धंदेवाईकांवर विश्वास ठेवता आला नाही, तिथं हौशींवर कसा ठेवला? त्यांच्याजवळ एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं, बस. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का आणि वेळ घ्यायची. आपल्याकडे रात्री दोनला शिक्का मारायला कोण बसणार? मग एखाद्या धाब्याची पावती किंवा एटीएममधून निघालेली चिठ्ठी पुरावा म्हणून चालते. पुढे-मागे दिवा सक्तीचा. पंक्चर स्वतःच काढायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. सहाशेच्या वाटेवर रात्र चुकत नाही. फसवायचं म्हटलं तर फसवता येईल. पण फसवून मिळवायचं काय? ज्या शर्यतीत दुसऱ्याला हरवायचंच नाही, तिथं लबाडी ही स्वतःच्याच खिशातले पैसे चोरण्यासारखी आहे.

भारतात ही पद्धत रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा. पुण्याहून गोव्याला जाणारी, सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही शर्यतही त्यांच्याच पुढाकारातली. ती नोव्हेंबरात असते आणि एकट्यानं चालवणाऱ्याला रात्र सायकलवरच काढावी लागते. तिथून वाट जाते अमेरिकेला. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जवळजवळ ४,८०० किलोमीटरची आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं पुरी केली. डॉ. समर्थ पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक असे सुमारे ९,१०० किलोमीटर चालवून आले. यातले दोघे भाऊ भूलतज्ज्ञ आणि दंतवैद्य. दिवसा दवाखाना, रात्री सायकल. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत रात्री मदतीची मोटार स्पर्धकाच्या थेट मागे दिवे लावून चालवावी लागते. दिवसा ती मोकळी असते, रात्री नाही. अंधाराची दखल नियमांनीही अशी घेतलेली आहे.

आता डांबरी रस्ता सोडून डोंगरात शिरू. डोंगरी सायकलचा जन्म कॅलिफोर्नियातला. तिथं १९७६ सालच्या ऑक्टोबरात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली टेकडीवरून खाली सोडण्याची शर्यत लावली. पायानं उलटं पेडल दाबून लागणारे ब्रेक उतरताना इतके तापत की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. हीही हौशीच मंडळी. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला, अर्थात दिवसाच्या उजेडात. रात्र पुन्हा हौशींनीच घेतली. १९९२ साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात डोंगरातल्या एकाच वाटोळ्या रस्त्यावर चोवीस तास फेऱ्या मारायची सांघिक शर्यत सुरू झाली. एकजण फिरून आला की दुसरा निघणार. स्कॉटलंडमधल्या ‘स्ट्रॅथपफर’नं तर कमाल केली. ती ठेवली भर जानेवारीत, जेव्हा तिथं चोवीस तासांतले सतरा तास अंधार असतो. अलास्कात १९८७ पासून बर्फातल्या वाटेवर सायकली धावताहेत.

हे सगळं शक्य झालं ते दिव्यामुळे. आपल्या आजोबांच्या सायकलीला रॉकेलचा दिवा असे, काहींच्या सायकलीला कार्बाइडचा. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, वायू तयार व्हायचा आणि तो जळायचा. मग डायनामो आला. चाकाला घासून फिरायचा, पाय जड करायचा, आणि चढावर वेग कमी झाला की उजेडही मंद. दिवा नसलेली सायकल पोलिसानं अडवल्याच्या हकिकती जुन्या पिढीतल्या कुणाकडेही मिळतील. एलईडी आणि लिथियमची बॅटरी आली तेव्हा कुठे खडकाळ उतारावर वेगानं जाण्याइतका उजेड हाताशी आला. जाणते स्वार दोन दिवे लावतात. मुठीवरचा दिवा खालून उजेड टाकतो, त्यामुळे दगडाची सावली पडते आणि खड्ड्याची खोली कळते. डोक्यावरचा दिवा वळणापलीकडे बघतो, पण तो डोळ्यांच्या रेषेत असल्यामुळे सावल्या पुसून टाकतो. एकट्या त्याच्या भरवशावर राहिलं तर खड्डासुद्धा सपाट दिसतो.

आता आपल्या गावाकडे वळतो. दौलताबादच्या किल्ल्याजवळून खुलताबादकडे चढणारा घाट आणि पुढे म्हैसमाळ इथल्या सायकलवाल्यांना पाठ असतो. चढताना थंडी वाजत नाही, उलट घाम फुटतो. खरी गंमत उतरताना. कपडे भिजलेले, पाय थांबलेले आणि वारा समोरून. दहा अंशांच्या हवेत ताशी चाळीसच्या वेगानं उतरलं, तर अंगाला ती सहा अंशांसारखी लागते. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला हे कळत नाही. पाऊलवाटांवर आणखी एक शत्रू, तो म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. बधिर हातांनी रात्री ट्यूब बदलणं हे घाट चढण्यापेक्षा अवघड काम आहे.

आणि सगळ्यात मोठा धोका ना थंडीचा, ना काट्याचा. गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. कित्येकींना मागचा दिवा नसतो, लाल परावर्तकही नसतो. त्या रस्त्यावर थांबलेल्या असल्या तरी दिसत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागात थंडीतली रात्रीची शर्यत व्हायचीच असेल, तर ती महामार्गावर होऊ नये. वनखात्याची आणि गावकऱ्यांची परवानगी घेऊन डोंगरउतारावर दहा-बारा किलोमीटरचा एक वेढा आखावा, त्यावर वाहनं बंद ठेवावीत, दर तीन-चार किलोमीटरवर शेकोटी आणि एक माणूस बसवावा. मुरमाची वाट, काळा पाषाण आणि कोरडी हवा आपल्याकडे आहेच. स्कॉटलंडसारखा चिखलही नाही. हिवाळ्यात आपलं आभाळही स्वच्छ असतं.

आणि उतारावरच्या थंडीवर एक शंभर वर्षांचा जुना इलाज सांगतो. आल्प्सचे घाट उतरताना युरोपातले स्पर्धक वर्तमानपत्राची दोन पानं अंगरख्याखाली छातीवर सरकवतात. कागद वारा अडवतो, घाम टिपतो, आणि खाली पोहोचल्यावर काढून टाकता येतो. त्यासाठी रविवारची पुरवणी उत्तम, पानं जास्त असतात. अंक शिळा असला तरी चालतो.