पेशींनी विणलेली रक्तवाहिनी

पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात दवाखान्याच्या कामासाठी दिल्लीला आलेली गावाकडची माणसं भेटतात. त्यांच्यात डायलिसिसचा रुग्ण असला, तर त्याचा हात बघा. धमनी आणि शीर जोडून केलेला तो 'फिस्टुला' म्हणजे त्याचा जीवच. तो बंद पडला आणि चांगली शीर उरली नसली, तर काय? आजचा इतिहास या प्रश्नाचा आहे.

पहिलं उत्तर होतं कापड. 1952 मध्ये अमेरिकेत आर्थर वूरहीज यांनी कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी धमनीच्या जागी बसवण्याची पद्धत मांडली. पुढे डेक्रॉन आलं. महाधमनीसारख्या रुंद वाहिनीत ते चाललं. पण सहा मिलिमीटरहून बारीक नळीत रक्त गोठायचं. कापडात जंतू घर करायचे आणि लहान मूल वाढलं, तरी नळी वाढायची नाही.

म्हणून टोकियोत तोशिहारू शिनोका यांनी वेगळी वाट धरली. मे 1999. चार वर्षांची मुलगी, फुप्फुसाकडे जाणारी धमनी बंद. तिच्याच शिरेचा दोन सेंटिमीटर तुकडा काढून त्यातल्या पेशी आठ आठवडे वाढवल्या, विरघळणाऱ्या साच्यावर पेरल्या आणि ती नळी बसवली. सात महिन्यांनी तपासलं, वाहिनी उघडी होती! पुढे इतर काही मुलांच्या नळ्या अरुंद झाल्या, त्या फुग्याने रुंद कराव्या लागल्या. वाट मात्र सापडली होती.

अडचण वेळेची होती. रक्तस्राव होत असलेला माणूस आठ आठवडे कसा थांबणार? लॉरा निकलसन यांनी दात्याच्या पेशींकडून साच्यावर नळी विणून घेतली आणि मग पेशीच धुऊन टाकल्या. उरला तो कोलॅजेनचा सांगाडा. त्याला शरीर परकं मानून झिडकारत नाही. ही नळी आधीच तयार करून ठेवता येते. 2012 मध्ये पोलंडमध्ये ती डायलिसिसच्या रुग्णांना बसवली, नंतर युक्रेनच्या युद्धातल्या जखमींना. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली, पण फक्त हातापायाच्या धमनीच्या जखमेसाठी, स्वतःची शीर वापरता येत नसेल तेव्हाच. नळी फुटून किंवा तिचा जोड निकामी होऊन जीवघेणा रक्तस्राव होण्याचा ठळक इशाराही सोबत आहे.

गंमत बघा, पेशींच्या जोरावर सुरू झालेली गोष्ट पेशी काढून टाकल्यावर बाजारात पोचली. भवनातल्या त्या रुग्णासाठी मात्र आजही पहिली निवड एकच: स्वतःची शीर. म्हणून त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. भेटू पुढच्या भागात.