लिंक बंद पडेपर्यंतचे तास

मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५, सकाळ

जयगडच्या धक्क्याला होड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली, नारळी पौर्णिमाही होऊन गेली, पण हवामान खात्याचा इशारा आहे आणि दर्यात कुणी जाणार नाही. शास्त्री नदीच्या मुखावरची ही खाडी आडोशाची. वारा उठला की पार गुजरातच्या नौकासुद्धा इथे आसऱ्याला येतात. आज खलाशांना जाळी शिवण्यापलीकडे काम नाही, आणि मोकळ्या हातात मोबाइल आहे.

पंचविशीतला एक खलाशी यूट्यूबवर भजन लावतो. आधी रमीची जाहिरात. पाच सेकंद थांबून तो ती पुढे ढकलतो. इन्स्टाग्राम उघडतो तर तिसऱ्याच रीलमध्ये कुणीतरी हिंदीत सांगतोय की घरी बसल्या मी इतके जिंकले, लिंक खाली दिली आहे. शेवटी एक वाक्य येतं: या खेळात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं, जबाबदारीने खेळा. ते इतक्या वेगाने म्हटलेलं असतं की ऐकून अर्थ लागावा ही अपेक्षाच नसावी. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, मुंबईच्या 'ॲस्की'ने, १५ डिसेंबर २०२०पासून हा इशारा सक्तीचा केला. छापील जाहिरातीत त्याला निदान २० टक्के जागा द्यायची, अठरा वर्षांखालचं कुणी दाखवायचं नाही, खेळ म्हणजे कमाईचं साधन असं भासवायचं नाही. नियम चांगलेच होते. पण रील बनवणाऱ्या हजारो जणांच्या मागे कोण धावणार?

या धंद्याला सोशल मीडियाची इतकी गरज का पडली, त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. गूगलने प्ले स्टोअरवर पैशांच्या खेळांना बराच काळ जागाच दिली नव्हती. १८ सप्टेंबर २०२०ला, आयपीएल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, पेटीएमसारखं ॲपसुद्धा काही तासांसाठी तिथून उतरवलं गेलं होतं. फँटसी, म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपली टीम लावायचा खेळ, आणि रमी यांना प्रायोगिक प्रवेश मिळाला तो २०२२च्या सप्टेंबरात. तोवर माल होता, पण अँड्रॉइडच्या बाजारपेठेत दुकान नव्हतं. मग फेसबुकवर जाहिरात, यूट्यूबवर 'आजची टीम' सांगणारा कुणी, टेलिग्रामवर चॅनल, व्हॉट्सॲपवर मित्राने पाठवलेली लिंक, आणि त्या लिंकवरून ॲपची फाइल थेट फोनमध्ये. मित्राला आणलं की दोघांनाही बोनस. म्हणजे जाहिरातदार पगारी नव्हताच, तो आपल्याच वाडीतला, आपल्याच क्रिकेट संघातला. गावात बाहेरच्या माणसाच्या शब्दाला कुणी सहजी भुलत नाही. शेजाऱ्याच्या शब्दाला भुलतो.

दुपार

मुंबईत पाऊस कोसळतोय. आशिया चषकासाठी भारतीय संघ जाहीर व्हायचा आहे आणि पत्रकार परिषद पावसामुळे लांबते. अखेर निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर आणि कर्णधार सूर्यकुमार यादव समोर येतात. या संघाच्या जर्सीवर छातीशी नाव आहे 'ड्रीम इलेव्हन'. २०२३च्या जुलैत झालेला करार, तीन वर्षांचे ३५८ कोटी.

फँटसी खेळाची ही कंपनी मुंबईची. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली सुरू केलेली. २०१८ साली महेंद्रसिंग धोनी तिच्या जाहिरातीत आला, २०१९मध्ये ती शंभर कोटी डॉलर मूल्याची देशातली पहिली गेमिंग कंपनी ठरली, आणि २०२०मध्ये चीनविरोधी वातावरणात विवो ही चिनी कंपनी बाजूला झाल्यावर तिने २२२ कोटींना आयपीएलचं शीर्षक प्रायोजकत्व घेतलं. 'माय इलेव्हन सर्कल' आणि 'रमी सर्कल' चालवणारी गेम्स ट्वेंटीफोर बाय सेव्हनही मुंबईचीच. म्हणून पुढचा घटनाक्रम दिल्लीत घडणार असला तरी त्याचा तडाखा महाराष्ट्रात बसणार आहे.

या फँटसी खेळाचं चक्र फिरायचं कसं ते जवळून बघण्यासारखं आहे. सामन्याआधी साधारण अर्धा तास नाणेफेक होते. दोन्ही संघांचे अकरा खेळाडू त्याच वेळी कळतात आणि पहिला चेंडू पडण्याआधी आपली टीम लावायची असते. हा अर्धा तास म्हणजे सगळा बाजार. त्याच अर्ध्या तासात फोनवर सूचना येते, टेलिग्रामवर 'पक्की टीम' पडते, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू असतं, आणि ४९ रुपयांत कोटीचं बक्षीस असल्याचं सगळीकडून कानावर आदळतं. घाईत माणूस हिशेब करत नाही. लाखो जण पैसे भरतात आणि पहिला एकच येतो, हे त्याला कळत नाही असं नाही. विचार करायला लागणारी पाच मिनिटं त्याला मिळू दिली जात नाहीत.

संध्याकाळ

मुंबईत सव्वासहाच्या सुमारास मोनोरेल म्हैसूर कॉलनीजवळ उंचावर अडकते, शेकडो प्रवासी आत. मराठी वाहिन्यांवर तेवढंच चाललंय. त्याच संध्याकाळी दिल्लीहून एक छोटी बातमी येते: ऑनलाइन गेमिंगच्या विधेयकाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत ती येते आणि जाते. ज्यांचा सगळा धंदा लोकांचं लक्ष खेचण्यावर उभा होता, त्यांच्यावरच्या संकटाकडे त्या रात्री महाराष्ट्राचं लक्ष नव्हतं.

बुधवार, २० ऑगस्ट, सकाळी सव्वानऊ

शेअर बाजार उघडतो. गेमिंगमधली मुंबईची सूचिबद्ध कंपनी नझारा टेक्नॉलॉजीज. पोकरचं ॲप चालवणाऱ्या कंपनीत तिची गुंतवणूक आहे. दिवसभरात तिचा शेअर १० टक्क्यांहून जास्त घसरतो. उद्योगाच्या संघटना गृहमंत्र्यांना पत्र लिहितात: ४००हून अधिक कंपन्या बंद पडतील, दोन लाख नोकऱ्या जातील, सरकारचा कर बुडेल, आणि खेळणारे परदेशी बेकायदा ॲपकडे वळतील. शेवटच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तो खरा आहे.

बुधवार, दुपार

विरोधकांच्या गदारोळात माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव लोकसभेत विधेयक मांडतात. त्याच दिवशी ते आवाजी मतदानाने मंजूर होतं. सरकारचा अंदाज असा की ४५ कोटी लोकांचे वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये या खेळांत जातात. इतका मोठा निर्णय चर्चेविना व्हावा हे मला पटलेलं नाही. या विषयावर घराघरांत जे घडलं ते सभागृहात कुणीतरी बोलून दाखवायला हवं होतं.

विधेयकातला महत्त्वाचा बदल एका वाक्यात आहे: पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो बंद. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा ठरवला होता आणि त्या भिंतीआड सगळे उभे होते. ती भिंतच गेली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या बँकेला किंवा ॲपलाही तीच शिक्षा. आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. मग तो सिनेनट असो, क्रिकेटपटू असो, नाहीतर गावातला रील करणारा पोरगा. ई-स्पोर्ट्स आणि विनापैशांचे खेळ मात्र चालू राहणार, उलट त्यांना प्रोत्साहन मिळणार.

जाहिरातीचं कलम वाचून मला महिन्यापूर्वीचा प्रकार आठवला. २० जुलैला आमदार रोहित पवारांनी एक्सवर एक चित्रफीत टाकली. विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, हातात मोबाइल, पडद्यावर पत्ते. आपण रमी खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं कोकाटे यांनी सांगितलं. ३१ जुलैला त्यांच्याकडून कृषी खातं काढून क्रीडा खातं देण्यात आलं. त्यांचा खुलासा खरा धरला, तर शेतकऱ्यांच्या मंत्र्याच्या हातातल्या फोनवर, सभागृह चालू असताना, रमी आपणहून येऊन उभी राहत होती. मग जयगडच्या धक्क्यावरच्या खलाशाचं काय सांगायचं!

बुधवार, रात्र

टीव्हीवर चर्चा सुरू. ३१ ऑगस्ट २०२३ची दृश्यं कुणीतरी पुन्हा दाखवतं: सचिन तेंडुलकर गेमिंग ॲपची जाहिरात करतो म्हणून तेव्हाचे आमदार बच्चू कडू त्याच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला उभे, आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलेलं. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांत, जानेवारी २०२४मध्ये, सचिनचाच चेहरा आणि आवाज बनावट रीतीने वापरून दुसऱ्याच एका गेमिंग ॲपची चित्रफीत पसरली. त्याने स्वतः एक्सवर लिहून ती खोटी असल्याचं सांगितलं, आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर लोकांनी एकदा विश्वास ठेवला की तो विश्वास कुणीही उचलून नेतो. खऱ्या करारावर सही करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस. राज्यसभेतही विधेयक चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर. रात्रीपर्यंत एकेका कंपनीची घोषणा येऊ लागते: पैशांचे खेळ थांबवत आहोत, तुमची शिल्लक सुरक्षित आहे, काढून घेता येईल.

इथे पाच वर्षांपूर्वीची एक बंदी आठवते. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होतं. २९ ऑक्टोबरला फेसबुकवर घोषणा करून दुसऱ्या दिवशी भारतातला खेळ पूर्ण बंद झाला. पण त्याचे खेळाडू पांगले नाहीत. यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ तासन् तास बघणारी मुलं तिथेच राहिली आणि जुलै २०२१मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणून परतला तेव्हा गिऱ्हाईक तयार होतं. त्या खेळाचे तोटे आहेतच, रात्र रात्र जागणारी मुलं मी पाहिली आहेत. तरी लोक तिथे खेळासाठी आले होते. पैशांच्या ॲपमधून पैसे काढल्यावर त्याच लोकांना थांबवून धरेल असं काय उरतं, हा प्रश्न गुरुवारी रात्री मुंबईतल्या कचेऱ्यांतून विचारला गेला असणार.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

राष्ट्रपतींची सही. विधेयकाचा कायदा झाला. ड्रीम इलेव्हनवरचे रोख रकमेचे सामने बंद. मंत्रिमंडळाच्या बातमीपासून इथवर चार दिवसही लागले नाहीत. समूहाचं ९५ टक्के उत्पन्न आणि सगळा नफा गेल्याचं पुढे हर्ष जैन यांनी सांगितलं. नोकरकपात करणार नाही असंही म्हणाले. बेंगळुरूच्या एमपीएल या गेमिंग कंपनीला मात्र देशातले सुमारे ६० टक्के कर्मचारी कमी करावे लागले. त्यात मराठी मुलंही असणार, ऐन गणपतीत नोकरी गेलेली. त्यांचं वाईट वाटतं. जाहिरात कुणाला किती वाजता दाखवायची हे ठरवणारे बहुतेक पगारदारच होते, आणि फायदा त्यांच्या खिशात गेला नव्हता.

त्यानंतर

२५ ऑगस्टला क्रिकेट मंडळाने ड्रीम इलेव्हनशी करार संपल्याचं जाहीर केलं. २७ला गणपती आले. १० सप्टेंबरला दुबईत भारत संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध उतरला तेव्हा छातीवर कुठल्याच प्रायोजकाचं नाव नव्हतं. १६ला अपोलो टायर्सने ५७९ कोटींना ती जागा घेतली. प्रायोजकाची जागा भरायला इतकाच वेळ लागला.

घरातली जागा भरायला किती लागतो ते जयगडात दिसलं. तो खलाशी हंगामासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेतले पैसे कधीचे एका ॲपवर घालवून बसला होता. कायदा झाला त्या दिवशी त्याच्या घरी आनंद झाला, निदान त्याच्या आईला तरी. गणपतीत त्याने फोन दाखवला. रील बंद झाले होते, रमी दिसत नव्हती. पण टेलिग्रामवरचा 'पक्की टीम'वाला चॅनल चालूच होता. नाव बदललेलं, आणि लिंक आता परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या ॲपची. पैसे भरायला रोज नवा क्यूआर कोड. कंपन्यांच्या पत्रातली भीती ती हीच. तिच्यावर उपाय म्हणून कंपन्यांना परत बोलावणं मला मान्य नाही, कारण लिंकवर बोट ठेवायची सवय त्यांनीच लावली आहे. माझी मागणी साधी आहे: हे चॅनल आणि हे क्यूआर रोज शोधून रोज बंद करणारं मनुष्यबळ सायबर पोलिसांकडे असावं, गावापर्यंत असावं, आणि तक्रार करायला खलाशाला जयगडहून रत्नागिरी गाठावी लागू नये.

आम्ही दोघांनी तो चॅनल तिथेच बसून कळवला आणि बंद केला. त्याची आई म्हणाली, "माझ्यापण फोनात बघ रे, काय काय येतं ता." तिच्या व्हॉट्सॲपवर, वाडीच्या आरतीच्या ग्रुपमध्ये, तीच लिंक होती.