नॉट्स स्केरी फार्म

नॉट्स स्केरी फार्म : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील ब्यूना पार्क येथील ‘नॉट्स बेरी फार्म’ या मनोरंजन-उद्यानात हॅलोविनच्या हंगामात रात्री भरणारा भयोत्सव. प्रारंभ १९७३.

उद्यानाचे मूळ शेतात आहे. वॉल्टर नॉट यांनी १९२० मध्ये येथे बेरीची लागवड सुरू केली. बॉइझनबेरी हे संकरित फळ त्यांच्यामुळे बाजारात रुळले. १९३४ मध्ये पत्नी कॉर्डेलिया यांनी तळलेल्या कोंबडीचे जेवण विकायला काढले. पहिल्या संध्याकाळी आठ ताटे गेली, तीही त्यांच्या लग्नातल्या चिनीमातीच्या भांड्यांत. पुढे जेवणासाठी तासन्‌तास रांगा लागू लागल्या आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना रमवण्यासाठी नॉट यांनी १९४० मध्ये ‘घोस्ट टाउन’ उभारायला घेतले. हे नाव मराठी वाचकाला फसवते. खाण आटली, माणसे निघून गेली, असे ओस पडलेले गाव म्हणजे घोस्ट टाउन. त्यात भूत असायलाच हवे असे नाही. नॉट यांच्या गावातही ते तेहतीस वर्षे नव्हते. १९७३ च्या ऑक्टोबरात ते तीन रात्रींपुरते आले. गर्दी इतकी लोटली की पुढे त्याचा वार्षिक मुक्काम ठरला. आता हा हंगाम सप्टेंबरातच सुरू होतो. शाळा उघडल्यावर उद्याने ओस पडण्याचे हेच दिवस, त्यामुळे हॅलोविनची कमाई मालकांना चांगलीच मानवली. दूरचित्रवाणीवरील भयपट-निवेदिका ‘एल्व्हायरा’ (कॅसान्ड्रा पीटरसन) १९८२ पासून अनेक हंगाम येथील रंगमंचावर होती.

उत्सवाच्या दिवशी उद्यान संध्याकाळी रिकामे करतात आणि वेगळ्या तिकिटावर पुन्हा उघडतात. भूलभुलैयांपुढे लांब रांगा असतात. जादा पैसे मोजले की त्या टाळता येतात. मात्र खरी गंमत रस्त्यावर आहे आणि ती फुकट. यंत्रांनी सोडलेल्या दाट धुक्यात घोस्ट टाउनचे दिवे पुसट होतात. त्यातून भुताच्या वेषातला ‘स्लायडर’ धावत येतो, गुडघ्यांवर झोकून देतो आणि पार पायांशी घसरत थांबतो. गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातूच्या पट्ट्या असल्याने फरशीवर ठिणग्या उडतात. माणूस दिसण्याआधी तो खरखराट कानी पडतो. भीतीचे निम्मे काम तिथेच उरकते. महागड्या यांत्रिक सांगाड्यांना हे साधत नाही.

भुतांनी पाहुण्यांना हात लावायचा नसतो. पाहुण्यांनीही वेषांतर करून यायचे नसते. सारे गाव सोंगे घेऊन हिंडते त्या सणात हा नियम विचित्र वाटेल. पण पगारी भूत आणि तिकीट काढून आलेले भूत यांतला फरक धुक्यात कळणार कसा? तेरा वर्षांखालील मुलांना आणू नये, असे उद्यानच सुचवते.

भूलभुलैयांसारख्या बंदिस्त भयगृहांचा धोका खराही असतो. न्यू जर्सीतील एका उद्यानात ११ मे १९८४ रोजी अशा वास्तूला आग लागून आठ किशोरवयीन मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर भयगृहांसाठी धूरसूचक यंत्रणा आणि पाण्याचे फवारे यांविषयीचे नियम कडक झाले.

कॉर्डेलिया यांचे उपाहारगृह आजही चालू आहे. ते फाटकाबाहेर असल्याने तिथे जायला तिकीट लागत नाही.