युनिव्हर्सलपासून इंपीरियलपर्यंत : कार्ल लेमली, अर्देशिर इराणी आणि आपले जोसेफ डेव्हिड

हिंदुस्थानातला पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्या दिवशी शनिवार होता. कोकणात आपल्या वाडवडिलांना 'शनवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. आणि त्याच शनवार तेल्यांच्या वंशातल्या एका लेखकाचे नाटक शाबाथच्या दिवशी पडद्यावर बोलू लागले. तो लेखक म्हणजे जोसेफ डेव्हिड. त्यांच्याविषयी लिहायचे तर आधी दोन परक्या माणसांची ओळख करून द्यावी लागते. दोघांचीही मुळे परमुलखातली होती आणि दोघांनीही सिनेमाच्या धंद्यात नाव काढले.

पहिला कार्ल लेमली. जर्मनीतल्या लाउपहाइम गावच्या यहुदी घरात 1867 साली त्याचा जन्म झाला. सतराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला. तिथे पडेल ते काम केले, पुढे विस्कॉन्सिनमधल्या एका कापड दुकानाचा व्यवस्थापक झाला. चाळिशीजवळ आल्यावर नोकरी सोडून 1906 साली त्याने शिकागोत एक लहानसे सिनेमाघर काढले. त्या काळी एडिसनच्या गटाने कॅमेऱ्यापासून फिल्मपर्यंत सगळ्यावर पेटंटांचा विळखा घातला होता. त्यांना पैसे दिल्याशिवाय कोणाला चित्रपट काढता येत नसे. लेमलीने पैसे देण्याचे नाकारले आणि वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झेलले. 1912 साली इतरांना बरोबर घेऊन त्याने युनिव्हर्सल कंपनी उभी केली. 1915 मध्ये त्या गटाविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी सुरू झाली.

दुसरे अर्देशिर मारवान इराणी. 1886 साली पुण्यात जन्म. घराणे इराणातून आलेले, झरथुष्ट्री. एकोणिसाव्या शतकात गरिबी आणि जाच यांना कंटाळून कितीतरी इराणी झरथुष्ट्री कुटुंबे मुंबई-पुण्याकडे आली. चौकाचौकांतली त्यांची चहाची हॉटेले आपल्या वाचकांच्या आठवणीत असतीलच. अर्देशिर मात्र वडिलांबरोबर वाद्ये आणि फोनोग्राफ विकत. त्यांना 14,000 रुपयांची लॉटरी लागली आणि त्या पैशांतून ते सिनेमाच्या धंद्यात शिरले, असे सांगतात. हिंदुस्थानात युनिव्हर्सलचे प्रतिनिधी तेच होते. काही ठिकाणी त्यासाठी 1905 हे साल छापलेले दिसते. ते बरोबर असूच शकत नाही, कारण युनिव्हर्सलचा जन्मच 1912 चा.

अब्दुलअल्ली युसुफअल्ली हे त्यांचे भागीदार. ते पूर्वी तंबू ठोकून गावोगाव चित्रे दाखवीत. दोघांनी मिळून नागपाड्याचे अलेक्झांड्रा सिनेमा चालवले आणि पुढे गिरगावात मॅजेस्टिक उभारले. भायखळा-नागपाड्याच्या आपल्या मंडळींना अलेक्झांड्रा म्हणजे घरचेच. दुसऱ्यांची चित्रे दाखवता दाखवता इराणी स्वतः चित्रे काढू लागले आणि 1920 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी इंपीरियल फिल्म कंपनी स्थापन केली. पुण्याच्या रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, हे इंपीरियलचे मोठे नाव. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून आलेल्या या बाईंनी 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' या चित्रात आठ भूमिका केल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे सुलोचनाबाईंना आणि पुढच्या काळातल्या नादिराला 'आपल्या' म्हणण्याची सवय आहे. दोघीही यहुदी खऱ्या, पण बगदादी. बेने इस्राएल नव्हेत. ज्यांना हक्काने आपले म्हणावे त्या जोसेफ डेव्हिड यांचा आपल्याला विसर पडावा आणि बगदाद्यांच्या मुलींवर हक्क सांगावा, हे आम्हांला ठीक वाटत नाही.

जोसेफ डेव्हिड पेणकर यांचा जन्म 1876 चा. त्यांचे नाव हरवण्याचे अर्धे कारण त्यांच्या नावातच आहे. आपल्या रीतीप्रमाणे जोसेफ डेव्हिड म्हणजे डेव्हिडचा मुलगा जोसेफ. गावावरून आलेले पेणकर हे आडनाव जाहिरातीत आणि श्रेयनामावलीत गळून जाई. मग वाचणाऱ्याला हा कोणी गोरा साहेब वाटे, नाही तर ख्रिस्ती. नाव पेणकर असे छापले असते तर कोणीही म्हटले असते, हा आमच्या कोकणचा माणूस.

पारशी रंगभूमीवर त्यांचे मोठे नाव होते. या रंगभूमीचा कारभार विलक्षण असे. कंपनीचे मालक पारशी, नट हरतऱ्हेचे, भाषा उर्दूमिश्रित हिंदुस्तानी, कथानक इराण, अरबस्तान, मिसर कुठलेही, आणि लिहिणारा पेणचा बेने इस्राएल. 'आलम आरा' हे त्यांचे असेच एक नाटक. राजाच्या दोन राण्या, त्यांच्यातला मत्सर, सेनापती आदिल कैदेत पडतो, त्याची मुलगी भटक्या लोकांत वाढते आणि राजपुत्राशी तिची गाठ पडते. इराणींनी एक्सेल्सियर थिएटरात 'शो बोट' हा अर्धवट बोलणारा चित्रपट पाहिला आणि आपणही बोलपट काढायचा असे ठरवले. 'शो बोट' होता लेमलीच्या युनिव्हर्सलचा. ठिणगी जर्मनीहून गेलेल्या यहुद्याच्या कंपनीची, भांडवल आणि धाडस इराणी घराण्यातल्या माणसाचे, कथा आपल्या पेणकरांची.

नाटक तयार होते, तरी ते पडद्यावर आणणे सोपे नव्हते. आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर एकाच वेळी घ्यावे लागे. नंतर आवाज भरण्याची सोय नव्हती. स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ, दिवसभर गाड्यांचा खडखडाट. म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर काम चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवत. विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ यंत्र जुळवून देण्यास आला होता. त्याची फी दिवसाला शंभर रुपये! ती परवडेना, म्हणून इराणी थोडेफार शिकून घेऊन स्वतःच ध्वनिलेखनाला बसले. मास्टर विठ्ठल, झुबेदा आणि पृथ्वीराज कपूर यांच्या भूमिका होत्या. वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या वेशात म्हटलेले गाणे हे आपल्या चित्रपटाचे पहिले गाणे ठरले. मॅजेस्टिकवर इतकी झुंबड उडाली की चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले.

इराणींनी त्याच वर्षी तमिळमधला पहिला बोलपट 'कालिदास' काढला. 1933 मध्ये 'दुख्तर-ए-लुर' काढला, तो फारसीतला पहिला बोलपट. तोही मुंबईतच तयार झाला आणि मग तेहरानला गेला. घराण्याने सोडलेल्या मुलखाला त्याच्याच भाषेतला पहिला बोलपट मुंबईहून पाठवायचा, याचे समाधान किती असेल! 1937 च्या 'किसान कन्या'ने देशात बनलेला पहिला रंगीत चित्रपट दिला. पण खर्च झेपला नाही, आणि थोड्याच काळात इंपीरियल बंद पडली.

जोसेफ डेव्हिड 'आलम आरा'वर थांबले नाहीत. जे. बी. एच. वाडियांच्या पहिल्या बोलपटाची, 1933 च्या 'लाल-ए-यमन'ची, कथा आणि गाणी त्यांचीच. त्यात कोवळ्या वयाचे फिरोज दस्तूर गायले, तेच पुढे किराणा घराण्याचे पंडित. नाडियाबाईंच्या 'हंटरवाली'ची गाणीही जोसेफ डेव्हिड यांनीच लिहिली. 1948 साली ते वारले.

लेमलीने 1936 मध्ये युनिव्हर्सल गमावली. अखेरच्या वर्षांत त्याने आपले वजन आणि पैसा लाउपहाइम आणि आसपासच्या यहुदी लोकांना हिटलरच्या तावडीतून सोडवण्यासाठी खर्च केला. हमीपत्रे देऊन शेकडो जणांना अमेरिकेत आणले. 1939 मध्ये तो गेला. इराणी मात्र 1969 पर्यंत जगले. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हचे पी. के. नायर त्यांना भेटले होते. 'आलम आरा'ची काही रिळे कुठेतरी असतील, असे इराणींनी सांगितले होते. पण मुलाने ती चांदी काढून घेऊन केव्हाच निकालात काढली होती. आज या चित्रपटाची एकही प्रत नाही. काही छायाचित्रे आणि पुस्तिका तेवढ्या उरल्या आहेत.

लोद, अश्दोद, लंडन, टोरांटो, कुठेही असा, आजी-आजोबांच्या पेटीत पारशी नाटक कंपन्यांची जुनी हँडबिले किंवा बोलपटांच्या गाण्यांची पुस्तके असतील तर ती टाकू नका. 'जोसेफ डेव्हिड' हे नाव कुठे दिसले तर त्या पानाचे छायाचित्र आमच्याकडे पाठवा.