माउंट व्हर्ननचा वाडा आणि वाड्यामागची माणसे

अमेरिकेची राजधानी पाहायला गेलेल्या माणसाला तिथले लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात. एक दिवस काढा आणि माउंट व्हर्ननला जाऊन या. शहरापासून पंधरा मैलांवर, पोटोमॅक नदीच्या काठी जॉर्ज वॉशिंग्टनचा वाडा आहे. मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने हंटिंग्टनपर्यंत जायचे, तिथून बस धरायची. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परततो. ही यात्रा जुनी आहे. पूर्वी लोक आगबोटीने जात, १८९२ पासून चाळीस वर्षे विजेची गाडी होती. यात्रा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्याकडे देहू-आळंदीला जावे तशा श्रद्धेने लोक तिथे जातात, शाळेची मुले रांगेने नेली जातात.

मी गेलो तो मात्र जोतीरावांमुळे गेलो. तरुणपणी, १८४७ च्या सुमारास, जोतीरावांनी थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. शिवाजी महाराजांचे आणि जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र वाचून ते भारावून गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा तिची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतील लोकांच्या नावे लिहिली. पुण्यात बसून, समुद्रापलीकडच्या माणसांना. ज्याचे चरित्र वाचून आपला पहिला बंडखोर पेटला, त्या वॉशिंग्टनच्या घरात गुलाम होते, हे आपल्या अभ्यासवर्गांतून क्वचितच कुणी सांगते. म्हणून हे घर आपणही पाहिले पाहिजे.

वाडा दुरून दगडी दिसतो. जवळ गेल्यावर कळते की तो लाकडाचा आहे. पाइनच्या फळ्यांना चिऱ्यांसारख्या कडा कापल्या आहेत आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू मारली आहे. वॉशिंग्टनला दगडी वाड्याचा रुबाब हवा होता. तो त्याने असा मिळवला.

आत शिरले की मधल्या दिवाणखान्यात भिंतीवर काचेच्या पेटीत एक मोठी लोखंडी किल्ली टांगलेली आहे. ती पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाची. जनतेने तुरुंग फोडल्यावर लाफायेतने १७९० साली ही किल्ली वॉशिंग्टनला भेट म्हणून धाडली, आणि ती लाफायेतकडून घेऊन पुढे पाठवणारा माणूस होता थॉमस पेन. तोच पेन, ज्याचे पुस्तक पुण्यात जोतीरावांच्या हाती पडले. त्या पुस्तकाचा पहिला भाग १७९१ साली निघाला तो वॉशिंग्टनलाच अर्पण केलेला होता. म्हणजे माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा ज्याच्या नावे निघाला, जुलमी तुरुंगाची किल्ली ज्याच्या भिंतीवर लागली, त्याच्या या घरात पाहुण्यांची सरबराई करणारा फ्रँक ली हा बटलर गुलाम होता. किल्लीजवळून तो रोज दहादा ये-जा करीत असणार. मार्गदर्शक बाई किल्लीची गोष्ट मोठ्या आवडीने सांगतात. फ्रँक लीचेही नाव आता सांगतात, पण ते दुसऱ्या खोलीत गेल्यावर. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी उभे राहून सांगितल्या तर ऐकणाऱ्याला जड जाईल, असे वाटत असावे.

आता आकडे पाहू. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ माणसे गुलामीत होती. त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीची, ४१ शेजाऱ्याकडून भाड्याने घेतलेली, आणि १५३ त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली, म्हणजे विधवेच्या तहहयात वाट्याला आलेली. सुमारे आठ हजार एकर जमीन पाच शेतांत विभागलेली होती आणि शेताशेतावर मुकादम होता. त्याच वर्षी वॉशिंग्टनने स्वतःच्या हाताने या माणसांची यादी केली. नाव, काम, जमेल तिथे वय, नवरा किंवा बायको कुठल्या शेतावर. म्हाताऱ्यांच्या नावापुढे, आता कामाच्या पलीकडे गेलेला, अशा अर्थाचा शेरा आहे. बैलाविषयी शेतकरी बोलतो तसा. याच यादीवरून दिसते की निम्म्याहून अधिक विवाहितांना जोडीदारासोबत राहता येत नव्हते. आठवड्याचे सहा दिवस उगवतीपासून मावळतीपर्यंत राबायचे आणि शनिवारी रात्री काही मैल चालून बायकामुलांना भेटायला जायचे.

दूरच्या शेतांवर ही माणसे लाकडी ओंडक्यांच्या, फटींना माती लिंपलेल्या झोपड्यांत राहत. निएमत्सेविच नावाचा एक पोलिश प्रवासी १७९८ साली इथे आला होता. आपल्या देशातल्या सर्वांत गरीब शेतकऱ्याच्या घरापेक्षाही या झोपड्या वाईट आहेत, असे तो लिहून गेला. खायला मक्याचे पीठ आणि खारवलेले मासे. तो मासाही वसंतात नदीत जाळी टाकून यांनीच धरायचा, यांनीच खारवायचा. राहिलेला मालकाने विकायचा.

नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर सोळा कोनांचे एक खळे उभे आहे. मूळ खळे १७९० नंतर डोग रन या शेतावर बांधले होते. आज दिसते ती त्याची नक्कल. मी तिथे सर्वांत जास्त वेळ थांबलो. आपल्याकडे खळे उघड्यावर असते, मध्ये तिवडा, भोवती बैल फिरतात. इथे खळे दुमजली आणि छपराखाली. वरच्या मजल्यावर घोडे गोल फिरतात, फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या आहेत, त्यांतून गव्हाचे दाणे खालच्या मजल्यावर पडतात. युक्ती नामी आहे यात शंका नाही. शेतीसुधारक म्हणून वॉशिंग्टनची जी कीर्ती आहे तिचा हा नमुना. पण खाली दाराला कुलूप लावायची सोय का होती? उघड्यावरचा गहू पावसाने नासतो, हे एक कारण. दुसरे कारण चोरी. ज्याने पेरले, कापले, मळले, त्याने मूठभर दाणे घेतले तर ती चोरी. आपल्या गावात महार-मांग सुगीला खळ्यावर बलुत्यासाठी उभे राहत, तेव्हा त्यांच्याकडेही याच नजरेने पाहिले जाई. फरक इतकाच की तिथे कुलूप होते आणि इथे शिवी.

पण इथेच सावध राहिले पाहिजे. दोन गुलामगिऱ्या सारख्याच, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. बाबासाहेबांनी ही तुलना फार बारकाईने केली आहे आणि अस्पृश्यता ही गुलामगिरीपेक्षा वाईट, असा निर्वाळा दिला आहे. माउंट व्हर्ननचे स्वयंपाकघर पाहताना त्याचा अर्थ लख्ख कळतो. तिथे हर्क्युलिस नावाचा गुलाम आचारी होता. तो इतका वाकबगार की वॉशिंग्टनने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याला फिलाडेल्फियाला नेले. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष गुलामाच्या हातचे जेवत होता आणि त्याला विटाळ होत नव्हता. आपल्याकडे महाराच्या सावलीनेही पेशवाईतले पुणे बाटत होते. गुलाम ही मालमत्ता होती, म्हणून तिला जगवणे मालकाच्या फायद्याचे होते. अस्पृश्य कुणाची मालमत्ता नव्हता, म्हणून तो उपाशी मेला तरी गावाचे काही बुडत नव्हते. दुसऱ्या बाजूने, आईच्या कडेवरचे मूल उचलून बाजारात विकणे हा अस्पृश्यतेचा भाग नव्हता. माउंट व्हर्ननवर तेही घडले. वॉशिंग्टननंतर वाडा त्याच्या पुतण्याकडे, बुशरॉड वॉशिंग्टनकडे आला. हा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. त्याने १८२१ साली ५४ माणसे लुइझियानाच्या मळ्यांसाठी विकली. न्याय आणि विक्री एकाच हाताने.

वाडा दाखवणारे, आणि त्यांच्या मागोमाग बहुतेक पाहुणेही, शेवटी एका मुद्द्यावर येऊन विसावतात. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त केले. हे खरे आहे, आणि त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. त्या काळच्या वर्जिनियातल्या किती मोठ्या जमीनदारांनी एवढे केले? पण मृत्युपत्र नीट वाचावे. मुक्ती मिळायची ती बायकोच्या मृत्यूनंतर. तात्काळ सुटला तो एकटा विल्यम ली, युद्धभर मालकाच्या मागे घोड्यावर असलेला, दोन्ही गुडघे निकामी होऊन चांभारकामाला बसवलेला. त्याला वर्षाला तीस डॉलर. बायकोच्या मरणावर शंभरावर माणसांची सुटका अवलंबून ठेवल्याने त्या बाईचाच जीव भांड्यात पडेना. तिला सुरक्षित वाटत नाही, असे अॅबिगेल अॅडम्सने वाडा पाहून आल्यावर बहिणीला कळवले होते. १ जानेवारी १८०१ रोजी मार्था वॉशिंग्टनने त्यांना मुदतीआधीच मोकळे केले. उरलेले १५३ कस्टिस घराण्याच्या नातवंडांत वाटले गेले. त्यांच्यावर वॉशिंग्टनचा कायदेशीर हक्क नव्हता, हेही खरे. पण या दोन गटांत लग्ने झाली होती. नवरा स्वतंत्र आणि बायकोमुले गुलाम, असे संसार त्या दिवशी उभे फाटले.

आणि जिवंत असताना? फिलाडेल्फिया ज्या राज्यात होते त्या पेनसिल्वेनियाचा कायदा असा होता की बाहेरच्या मालकाचा गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकतो. राष्ट्राध्यक्षाने काय करावे? मुदत भरण्याआधी आपल्या माणसांना राज्याबाहेर फिरवून आणावे, आणि ते त्यांच्या व लोकांच्या ध्यानात येऊ नये असे पाहावे, अशी सूचना त्याने १७९१ साली आपल्या चिटणीसाला दिली. संग्रहालयात वॉशिंग्टनची कवळी ठेवली आहे, मुले तिच्याभोवती गर्दी करतात. लाकडी दातांची दंतकथा खोटी. त्याच्या हिशेबवहीत मे १७८४ ची एक नोंद आहे : दंतवैद्याच्या खाती निग्रोंना नऊ दातांचे दिले, सहा पौंड दोन शिलिंग.

या वाड्याच्या इतिहासातले माझ्या मते सर्वांत मोठे नाव ओना जज हे आहे. मार्थाची दासी, शिवणकाम करणाऱ्या बेट्टीची मुलगी. मार्था आपल्या नातीला तिला आंदण देणार आहे हे कळल्यावर, २१ मे १७९६ रोजी, राष्ट्राध्यक्ष जेवत असताना ती फिलाडेल्फियाच्या घरातून निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथला पोचली. वर्तमानपत्रात तिच्यासाठी दहा डॉलरचे बक्षीस लागले. राष्ट्राध्यक्षाने जकात-अधिकाऱ्याकरवी तिला परत आणण्याचा प्रयत्न केला, पुढे १७९९ साली मार्थाच्या भाच्यालाही पाठवले. ती आली नाही. तिने लग्न केले, गरिबीत दिवस काढले, नवरा आणि मुले तिच्या आधी गेली. म्हातारपणी भेटायला आलेल्यांना ती म्हणाली की वाड्यात मला कुणी अक्षर शिकवले नाही, वाचायला मी पळून आल्यावर शिकले. तिकडे कष्ट कमी होते, पळाल्याचा पस्तावा होतो का, असे विचारल्यावर तिने नाही म्हटले. आपण स्वतंत्र आहोत एवढे तिला पुरे होते. कायद्याने ती मरेपर्यंत पळालेली गुलामच होती. ती वारली २५ फेब्रुवारी १८४८ रोजी. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली.

हर्क्युलिसही पळाला. १७९७ साली, मालकाच्या पासष्टाव्या वाढदिवशी. या दोघांना कुणी छळत नव्हते, चांगले कपडे होते, शहरात फिरायला मोकळीक होती, असे अजूनही आश्चर्याने म्हटले जाते. आपल्याकडेही ‘आमच्या वाड्यावरच्या महाराला काय कमी होते’ असे म्हणणारे भेटतात. बाबासाहेबांनी वतने सोडायला सांगितले तेव्हा याच लोकांना आश्चर्य वाटले होते.

जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ वॉशिंग्टनला अर्पण केली नाही. त्याचे चरित्र वाचले होते, पेनने केलेले अर्पणही डोळ्यांखालून गेले असणार. तरी त्यांनी नाव घेतले ते गुलामांच्या मुक्तीसाठी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवणाऱ्या लोकांचे, आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या सुटकेसाठी गिरवावा अशी इच्छा लिहिली. वॉशिंग्टनच्या दिवाणखान्यात काय चालत होते याची माहिती त्यांना असो वा नसो, त्यांनी नेमकी निवड केली.

वाडा विकत घेतला तो बायकांच्या एका संस्थेने. दक्षिण कॅरोलायनाच्या अॅन पामेला कनिंगहॅमने ती काढली, आणि १८५८ साली दोन लाख डॉलरला व्यवहार ठरला. हीच संस्था आजही वाडा सांभाळते. वॉशिंग्टनची कबर त्यांनी जपली. तिच्यापासून पन्नासेक यार्डांवर झाडीत गुलामांचे दफनस्थान आहे, तिथे एकाही थडग्यावर नाव नाही. १९२९ साली संस्थेने तिथे एक शिळा बसवली. तीवर गुलाम हा शब्द नाही. वॉशिंग्टन घराण्याचे इमानी काळे नोकर, असा उल्लेख आहे. इमानी हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. सरकारी खजिना डोक्यावरून सुखरूप पोचवणाऱ्या महाराला हेच प्रशस्तिपत्र मिळत असे, आणि ते घेऊन तो पुन्हा गावकुसाबाहेर जात असे.

शिळेभोवती रान माजले. १९८२ साली वॉशिंग्टन पोस्टमध्ये डोरोथी गिलियम या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी या दुर्लक्षावर लिहिले, आसपासच्या काळ्या लोकांनी आवाज उठवला, आणि १९८३ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या आराखड्याप्रमाणे नवे स्मारक झाले. त्यावर गुलाम हा शब्द आहे. माउंट व्हर्ननच्या गुलामांचे आयुष्य मांडणारे मोठे प्रदर्शन यायला मात्र २०१६ साल उजाडले.

मी गेलो तेव्हा वॉशिंग्टनच्या कबरीपाशी गर्दी होती, या वाटेवर चारपाच माणसे. २०१४ पासून इथे पुरातत्त्वाचे काम चालले. माती फक्त वरवर खरवडायची, खाली रंग बदललेला लांबट चौकोन दिसला की खूण करायची, आणि पुन्हा झाकून टाकायचे. थडगे उघडायचे नाही. एकामागून एक असे चौकोन सापडत गेले. त्यांत काही फार लहान आहेत.