आंतरराष्ट्रीय रोमिंग

आंतरराष्ट्रीय रोमिंग म्हणजे एका देशातील मोबाईल कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या देशात गेल्यावर, आपला क्रमांक व सिम कार्ड न बदलता, तेथील कंपनीच्या जाळ्यावरून मिळणारी संभाषण, लघुसंदेश आणि इंटरनेट यांची सेवा होय. मोबाईलसाठी मराठीत 'भ्रमणध्वनी' हा शब्द योजला जातो. त्यातील भ्रमण खऱ्या अर्थाने या सेवेत घडते, तिचे नाव मात्र व्यवहारात रोमिंग असेच राहिले आहे.

रोमिंगवर असलेला ग्राहक प्रत्यक्षात परदेशी असला, तरी तंत्राच्या व हिशेबाच्या दृष्टीने तो आपल्या मूळ कंपनीशीच बांधलेला असतो. या सेवेचा महागडेपणा, तिचा संथपणा आणि काही देशांत तिला लाभणारी अनपेक्षित मोकळीक या तिन्ही गोष्टींचे मूळ येथे सापडते.

इतिहास

सीमा ओलांडूनही चालणारा फोन ही जीएसएम या युरोपीय प्रणालीमागील एक मुख्य कल्पना होती. या प्रणालीच्या व्यापारी जाळ्यावरील पहिला कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनमधील व्होडाफोन यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

करार झाला तरी फोन चालेलच, असे पूर्वी नव्हते. भारत व युरोपात जीएसएमसाठी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ, तर अमेरिकेत ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झ या लहरी वापरल्या जात. त्यामुळे येथील साधा फोन तेथे निरुपयोगी ठरे. जपानची दुसऱ्या पिढीची प्रणाली तर जीएसएमहून सर्वस्वी वेगळी होती. आजचे बहुतेक स्मार्टफोन अनेक लहरींवर चालत असल्याने ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. मात्र अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली थ्रीजी जाळी बंद केली. त्यामुळे ज्या जुन्या फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय, नाही, त्यांवरून तेथे कॉल लागत नाही. इंटरनेट मात्र चालू शकते.

कार्यपद्धती

प्रत्येक सिम कार्डात ग्राहकाची ओळख सांगणारा, जास्तीत जास्त १५ अंकांचा एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवतात. भारतासाठी ते ४०४ आणि ४०५ आहेत. परदेशी विमानतळावर फोन सुरू होताच तो आसपासच्या जाळ्याला हा क्रमांक कळवतो. तेथील कंपनी त्यावरून मूळ कंपनी ओळखते आणि हा ग्राहक खरा आहे का, त्याला रोमिंगची परवानगी आहे का, अशी विचारणा तिच्याकडे करते. ओळख पटवण्यासाठी सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. ती परदेशी कंपनीला कधीच दिली जात नाही. मूळ कंपनीने पाठवलेल्या कोड्याचे सिमने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही, एवढेच तपासले जाते. ही सारी देवघेव काही क्षणांत पार पडते.

इंटरनेटचा प्रवास याहून लांबचा असतो. प्रचलित पद्धतीत ग्राहकाची मागणी परदेशी जाळ्यावरून प्रथम मूळ कंपनीच्या प्रवेशद्वारापर्यंत येते आणि तेथून इंटरनेटवर जाते. भारतीय सिम घेऊन टोकियोत बसलेल्या प्रवाशाने टोकियोतीलच एखाद्या उपाहारगृहाचे पान उघडले, तरी ती मागणी भारतात येऊन पुन्हा बाहेर पडते. पान उघडण्यास लागणारा विलंब बहुधा या हेलपाट्याचा असतो. फोनचा दोष समजून तो पुनःपुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो. जाहिराती व शोधाचे निकाल भारतातल्यासारखे दिसतात, तेही याच कारणाने.

या रचनेचा एक ठळक परिणाम चीनमध्ये दिसतो. तेथे गुगल, व्हॉट्सॲप यांसारख्या सेवा सरकारने रोखलेल्या आहेत. रोमिंगवरील परदेशी सिमचे दळणवळण मूळ देशातून बाहेर पडत असल्याने त्यावर या सेवा सामान्यतः चालतात. त्याच प्रवाशाने हॉटेलचे वाय-फाय वापरले, तर त्या बंद पडतात.

दर आणि बिल

रोमिंगचा दर दोन थरांचा असतो. परदेशी कंपनी मूळ कंपनीकडून घाऊक दराने पैसे घेते आणि मूळ कंपनी ग्राहकाला किरकोळ दर लावते. परदेशी कंपनी निवडण्यात ग्राहकाला फारसा वाव नसल्याने तिला दर उतरवण्याचे कारणही उरत नाही. वापराच्या नोंदी ठरावीक नमुन्यात नंतर मूळ कंपनीकडे पोहोचतात. म्हणून पोस्टपेड ग्राहकाला खर्चाचा पूर्ण आकडा कित्येकदा घरी परतल्यावरच कळतो.

पॅक न घेता डेटा चालू राहिल्यास काय होते, हे साध्या गणिताने समजते. समजा, दर एका एमबीला १०० रुपये आहे. मग ४ एमबीचे एक छायाचित्र पाठवण्यास ४०० रुपये पडतील, आणि फोनने आपणहून उतरवून घेतलेल्या ५०० एमबीच्या अपडेटचे ५०,००० रुपये होतील. प्रवाशाने फोनला हातही लावलेला नसतो. म्हणून 'डेटा रोमिंग' ही सोय फोनच्या सेटिंगमधून बंद ठेवून, पॅक घेतल्यावरच सुरू करणे इष्ट.

जहाजे आणि विमाने हा वेगळाच प्रकार आहे. त्यांच्यावरील छोटे जाळे उपग्रहामार्फत चालते आणि ते कोणत्याही देशाच्या नव्हे, तर ९०१ या सामायिक संकेतांकाखाली येते. जहाजाने किनारा सोडला की फोन गुपचूप या जाळ्यावर जातो. देशासाठी घेतलेला पॅक तेथे बहुधा लागू नसतो. अशा वेळी फोन विमान मोडवर ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय.

युरोपीय संघातील नियमन

दर कायद्याने उतरवता येतात, हे युरोपीय संघाने दाखवून दिले. २००७ च्या नियमाने प्रथम कॉलच्या दरांवर मर्यादा आली. पुढे संदेश व डेटा त्यात आले. २०१० पासून, ग्राहकाने वेगळे न सांगितल्यास, डेटाचे बिल ५० युरोंवर पोहोचताच सेवा थांबवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. १५ जून २०१७ पासून सदस्य देशांत रोमिंगचा अतिरिक्त आकार रद्द झाला. २०२२ मध्ये या नियमाला आणखी दहा वर्षांची मुदत मिळाली. त्याच वर्षी डेटाचा कमाल घाऊक दर प्रति जीबी २ युरो ठरला व तो २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने १ युरोपर्यंत उतरवायचा आहे.

भारतीय सिमला हा लाभ मिळत नाही. मात्र फ्रान्स किंवा इटलीत घेतलेले स्थानिक सिम संघाच्या २७ देशांत आणि नॉर्वे, आइसलंड, लिश्टेनस्टाइन येथे त्याच योजनेत, कंपनीने घातलेल्या वाजवी मर्यादेपर्यंत, चालू शकते. स्वित्झर्लंड या व्यवस्थेबाहेर आहे. भारतातून निघणाऱ्या युरोप सहलींत स्वित्झर्लंड हमखास असते. पॅरिसहून जिनिव्हाला जाणाऱ्या प्रवाशाला सीमेपाशी आगगाडीतच हा फरक जाणवू शकतो.

अन्य मार्ग

स्थानिक सिम बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते. त्यासाठी अनेक देशांत पासपोर्ट दाखवावा लागतो. फोन एखाद्या कंपनीशी जखडलेला असल्यास ते चालत नाही.

ई-सिम ही फोनमध्येच बसवलेली चीप असून तिच्यात कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवून घेता येते. त्यासाठी मिळणारा क्यूआर कोड वापरतानाच इंटरनेट लागत असल्याने हे काम निघण्यापूर्वी उरकणे सोयीचे. प्रवासी ई-सिम बहुधा केवळ डेटाचे असते. ते अनेकदा तिसऱ्याच देशातील कंपनीचे असते. त्यामुळे थायलंडमधील प्रवासी संकेतस्थळांना हाँगकाँगमध्ये असल्यासारखा भासू शकतो. एकदा पुसलेले ई-सिम त्याच कोडाने पुन्हा मिळेलच, असे नाही.

भारतीय क्रमांक टिकवणे

परदेशी मुलांकडे काही महिने राहणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत डेटाहून क्रमांकाचा प्रश्न मोठा असतो. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो. दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम चालू ठेवून त्याचा डेटा बंद आणि दुसऱ्या सिमचा डेटा सुरू, अशी मांडणी यासाठी उपयोगी पडते. भारतीय कंपनीकडे रोमिंग सेवा निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी लागते. अन्यथा संदेश पोहोचतीलच, याची शाश्वती नसते. व्हॉट्सॲप मात्र दुसऱ्या सिमच्या डेटावरही जुन्याच क्रमांकाने चालते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रीपेड क्रमांक किमान ९० दिवस वापरला न गेल्यास कंपनी तो बंद करू शकते; खात्यात २० रुपये शिल्लक असल्यास तेवढी रक्कम कापून ३० दिवसांची मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. रिचार्जची मुदत संपल्यावर संदेश येणे त्याआधीही थांबू शकते. बंद झालेला क्रमांक ठरावीक काळानंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि तो बँकेत बदललेला नसल्यास खात्याचे संदेश अनोळखी व्यक्तीकडे जाऊ लागतात. क्रमांक बदलण्यासाठी बँक कित्येकदा ग्राहकाला शाखेत येण्यास सांगते, आणि शाखा तर भारतात असते.

दीर्घकाळ परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने जानेवारी २०२३ मध्ये वेगळी वाट मोकळी केली. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांसह दहा देशांतील स्थानिक क्रमांक अनिवासी भारतीयांच्या खात्यांना जोडून यूपीआय वापरण्यास तिने मान्यता दिली. पर्यटकाला किंवा सहा महिन्यांसाठी गेलेल्या पालकाला ही सवलत लागू नाही, कारण त्यांचे बँक खाते निवासी प्रकारचेच असते.