उभी बेरीज, आडवी बेरीज

आठवीत वर्गाच्या कॅटलॉगची बेरीज करायचं काम माझ्याकडे होतं, हे आपल्या बॅचला आठवत असेल. बाई रोजची उभी बेरीज त्याच दिवशी लिहीत आणि दर शनिवारी प्रत्येकाची आडवी. एकदा एका मुलाने मागच्या आठवड्यातल्या आपल्या ‘अ’चा हळूच ‘ह’ केला. महिनाअखेरीस मी पुन्हा बेरजा केल्या, तर एक ओळ जुळेना आणि एक रकानाही जुळेना. दोन्ही जिथे छेदत होते, नेमका तोच चौकोन. नाव लिहीत नाही, तो मेळाव्याला येणार आहे.

हीच युक्ती संगणकाच्या इतिहासात फार मोठी आहे, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. बेल लॅबमधले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर काम लावून जात आणि सोमवारी येऊन पाहत तो यंत्राने ते चुकीपाशी अर्धवट सोडून दिलेलं. यंत्राला चूक झाली एवढं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांनी १९५० मध्ये चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती मांडली. मूळ आकड्यांसोबत थोडे जादा, तपासणीपुरते आकडे ठेवायचे. आपला कॅटलॉगच. पुढे १९५६ मध्ये जॉन फॉन न्यूमन यांचा निबंध आला : बेभरवशाच्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं बांधायचं? एकच काम अनेकांना द्या आणि बहुमताचं उत्तर घ्या. गणिताच्या तासाला सर तिघांना फळ्यावर बोलवत, ते उगीच नव्हतं.

आता पुण्याकडे येते. अमेरिकेने क्रे जातीचा महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक सुरू झालं. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. आपण तेव्हा सहावीत होतो. शाळेच्या फलकावर त्याचं कात्रण लागलं होतं आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

खरी गंमत त्याच्या रचनेत होती. एक अवाढव्य प्रोसेसर नव्हे, तर ट्रान्सप्यूटर नावाच्या छोट्या चिप्स एकमेकींना जोडलेल्या. पण भाग वाढले की बिघाडाची शक्यताही वाढते. समजा, एक चिप दिवसभर ठीक चालण्याची खात्री ९९.९ टक्के आहे. अशा ६४ चिप्स सगळ्याच ठीक राहतील याची खात्री ९४ टक्क्यांच्याही किंचित खाली येते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार दुवे होते. त्यामुळे एक वाट बंद पडली तर दुसरीने निरोप धाडता येईल, असा विचार अशा जाळ्यात करता येतो. लक्ष्मी रोड बंद असला तर आपण कुमठेकर रस्त्याने जातो, तसंच.

१९९८ मध्ये अमेरिकेत एचपीच्या प्रयोगशाळेने तर कमाल केली. ‘टेरामॅक’ या त्यांच्या यंत्रात सुमारे २,२०,००० दोष होते. ते फेकून न देता त्यांनी आधी सगळे दोष शोधले, त्यांचा नकाशा केला आणि काम तेवढ्या जागा टाळून फिरवलं. यंत्र उत्तम चाललं. अणू-रेणूंच्या मापाचे भाग निर्दोष बनवता येणार नाहीत हे तेव्हा दिसू लागलं होतं, म्हणून या प्रयोगाचं महत्त्व.

हे सगळं शिकूनही मी एकदा चुकले. एका नोकरीत हिशेबाच्या प्रणालीत ४० रुपये ९६ पैशांचा फरक आला. मी टीममधल्या सर्वांत नवख्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं. तो दोन रात्री स्वतःचा कोड उलटसुलट वाचत बसला. तिसऱ्या दिवशी मी रक्कम पैशांत लिहून पाहिली : ४०९६. दोनचा बारावा घात! स्मृतीतला एकच बिट उलटला होता. मशीन स्वस्तातलं, चूक दुरुस्त करणारी स्मृती त्यात नव्हती. असे बिट का उलटतात, हे इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं : चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशातून निघणारे अल्फा कण. कोड निर्दोष होता. मी त्याची माफी मागितली, पण एकट्याला केबिनमध्ये बोलावून. झापलं होतं ते मात्र सगळ्यांसमोर.

आणि हे जुनं प्रकरण नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एका प्रोसेसरची कथा छापली. १.१ चा ५३ वा घात, पूर्णांकात १५६. त्या चिपचा एक गाभा उत्तर देई शून्य, तेही कसलीच तक्रार न करता. मी आता नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात हा किस्सा सांगते, आणि पाठोपाठ ४०९६ चाही, माझ्या नावासकट.

मेळाव्याच्या दिवशी ऑफिसात जुने कॅटलॉग पाहायला मिळणार असतील, तर आमच्या आठवीचा मला हवा आहे. त्या चौकोनाभोवती बाईंनी लाल शाईने गोल केला होता.